दानांगच्या पुढे

खिडकीच्या पट्टीवर ठेवलेली केसांची क्लिप गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकत होती. पिवळी, प्लास्टिकची, एक दात तुटलेली. आणि चामनान ती आता पडेल, मग पडेल म्हणून तिच्याकडे बघत बसला होता. हात पुढे केला असता तर सहज आत ढकलता आली असती. पण नात आईच्या मांडीवर डोकं टाकून झोपलेली, हात हलला की ती जागी होणार, ती जागी झाली की थोआ बोलता बोलता थांबणार, 'काय हवं बाबा?' म्हणून विचारणार, आणि तिचं नि त्या म्हातारीचं चाललेलं बोलणं मध्येच तुटणार... ते तुटू नये असं त्याला वाटत होतं. आणि ते एकदाचं संपावं, असंही वाटत होतं.

म्हातारी त्यांच्याबरोबरच ह्वेला गाडीत चढली होती आणि त्याच्या शेजारच्या जागेवर बसली होती. पायाशी टोपली, टोपलीत तिळाच्या वड्यांची पुडकी, डोक्याला रुमाल. बसल्याबरोबर तिनं थोआला काहीतरी विचारलं, थोआनं काहीतरी सांगितलं, आणि मग जे सुरू झालं ते गाडीनं ह्वेमागची भातशेतं ओलांडली तरी थांबलेलं नव्हतं. त्यातलं एक अक्षर चामनानला कळत नव्हतं. कळत होता तो फक्त आवाज... थोआचा हा आवाज तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होता. लाम्पांगच्या घरात तिचा आवाज बारीक असायचा, वाक्यं आखूड, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा वर उचललेला सूर, जणू बरोबर बोलले ना मी? असं विचारणारा. इथे तो आवाज खालून, छातीतून येत होता. भरभर येत होता. बोलताना तिचे हात हलत होते. एकदा तर तिनं वाकून म्हातारीच्या गुडघ्यावर चापट मारली आणि मोठ्यानं हसली, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या रांगेतल्या माणसानं मान वळवून बघितलं.

आमची सून शांत आहे — हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल. आमच्या वाडग्यांच्या भट्टीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना, देवळातल्या भिक्षूंना, बायकोच्या बहिणींना. शांत आहे, आवाज नाही तिचा घरात. आणि ते ऐकून माणसं म्हणायची, नशीब काढलंत चामनान, परक्या देशातली पोर आणि इतकी शांत...

थोआ शांत नव्हती. तिच्याजवळ शब्द नव्हते, एवढंच होतं.

क्लिप पडली. कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यानं ती पायानं हळूच आपल्याकडे ओढली, वाकून उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

निघताना लाम्पांगच्या स्टेशनवर बायकोनं, बुआफाननं, त्याचा हात धरून ठेवला होता. तिचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नव्हती. थोआ नि नात पुढे सामान घेऊन गेल्या तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "नात घेऊनच परत या." तो म्हणाला, "अगं, फिरायला चाललोय आम्ही." त्यावर ती म्हणाली, "फिरायला नेतेय म्हणजेच काहीतरी आहे तिच्या मनात. उगाच कोण सासऱ्याला देश दाखवायला नेतं? तुम्ही सरळ विचारा. तिच्या माहेरच्या गावाला पोचायच्या आत विचारा. तिथे एकदा आईच्या पदराखाली गेली की संपलं."

आणि तसं बघायला गेलं तर बुआफानचं चुकत नव्हतं. मुलगा वीरोत जाऊन दुसरं वर्ष संपत आलं होतं. पावसाळ्यातला डासांचा ताप, आठवडाभरात तो गेला. त्यानंतर थोआ राहिली. राहिली, म्हणजे जाण्याबद्दल बोलली नाही. बुआफानचे पाय चोळायची, भट्टीतून निघालेले वाडगे कागदात गुंडाळायची, पोरीला अंघोळ घालायची. मग या वर्षी अचानक तिनं हे प्रवासाचं काढलं. "बाबा, माझा देश तुम्ही बघितलाच नाही. सुट्टीत चला. हानोईपासून आगगाडीनं हळूहळू खाली येऊ, माझ्या गावापर्यंत." त्याच सुमारास नात आजीला म्हणाली होती की मावशीनं फोनवर एक शाळा दाखवली, तिच्या अंगणात मोठं झाड आहे. सुट्टी संपली की नातीनं लाम्पांगच्या शाळेत पहिलीत जायचं होतं. बुआफाननं गणवेश शिवून, खिशावर तिचं नाव लाल दोऱ्यानं काढून, कपाटात घडी करून ठेवला होता. आणि सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालताना थोआ त्याच्या ओंजळीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी घालत राहिली, मान खाली, केस पुढे आलेले... तेव्हाच त्याच्या मनात आलं, ही निरोप घेतेय.

म्हणून प्रश्न तयार होता. हानोईच्या तळ्याकाठी तो ओठांपर्यंत आला होता. निन्हबिन्हला होडीत बसल्यावर आला होता, पण होडीवालीनं पायांनी वल्ही मारायला सुरुवात केली आणि नात इतकी हसली की तो गिळावा लागला. ह्वेच्या जुन्या राजवाड्यात थोआ त्याच्यासाठी कुठूनतरी प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली, "बसा बाबा, ऊन आहे," म्हणाली. स्टूल आणून देणाऱ्या माणसाला तू आम्हाला सोडून जाणार का, असं कसं विचारायचं? आता राहिला होता एवढाच पल्ला — ह्वे ते दानांग, आणि दानांगच्या पुढे थोड्या अंतरावर तामकी. तामकीला तिची आई स्टेशनवर येणार होती.

"आजोबा, झोपलात?"

नात उठली होती. तिला सगळे ख्वान म्हणायचे. गालावर आईच्या स्कर्टच्या शिवणीचा वळ. म्हातारीनं लगेच टोपलीत हात घालून तिळाची वडी काढली आणि तिच्या हातात दिली, आणि एक त्याच्या हातात. देताना त्याच्याकडे बघून लांबलचक काहीतरी बोलली. तो हसला. मान हलवली.

"ही आजी काय विचारते, सांगू?" ख्वान वडी चावत म्हणाली. "विचारते, हे आजोबा काही बोलत का नाहीत. मुके आहेत का?"

"ख्वान," थोआ म्हणाली.

"तूच तर आत्ता हसलीस त्याच्यावर."

"मग काय सांगितलंस तिला?" चामनाननं नातीला विचारलं.

"मी नाही, आईनं सांगितलं. आई म्हणाली, ते माझे बाबा आहेत, त्यांना आपली भाषा येत नाही."

"सासरे नाही म्हणाली?"

"सासरे म्हणजे?"

थोआ खिडकीबाहेर बघू लागली होती. कानांमागे तिची मान लाल झाली होती, का ते उन्हामुळे होतं... भाषा आपल्याला कळत नाही; पोरीनं भाषांतर कसं केलं कोण जाणे. त्यांच्यात बापाला नि सासऱ्याला एकच शब्द असेल. आमच्यातसुद्धा ती बाबाच म्हणते. त्यात काय एवढं. पण वडीचा तुकडा तोंडात विरघळून गेल्यावरही तो चघळत राहिला होता.

गाडी आता घाट चढत होती, अगदी हळू, माणूस चालेल तशी. थोआ म्हणाली, "बाबा, डावीकडे बघा," आणि त्यानं बघितलं. खाली, झाडांच्या खाली, थेट समुद्र. बोगदा आला, काळोख झाला, काचेत चौघांचे चेहरे दिसले, पुन्हा समुद्र. डब्यातली माणसं उठून खिडक्यांशी आली, फोन वर धरून फोटो काढू लागली. चामनाननंही काढला, बुआफानला दाखवायला. फोटोत आला थोआचा अर्धा खांदा आणि पांढरी काच. तिनं वळून विचारलं, "आवडलं?" तो म्हणाला, "मोठा आहे." तसं काही म्हणायचं नव्हतं त्याला. म्हणायचं होतं की वीरोतनं हे बघितलं असेल. इथल्याच फरशीच्या कारखान्यात भट्टी बसवायला तो आला होता, इथूनच कुठूनतरी घरी फोन करून म्हणाला होता, 'बाबा, एक मुलगी आहे'... "मोठा आहे," तो पुन्हा म्हणाला. थोआनं मान हलवली, आणि ती हलवण्यात असं काही होतं की तिला ते न बोललेलंही ऐकू गेलं असावं.

दानांगला गाडी थांबली तेव्हा तो उठला.

"पाय मोकळे करून येतो."

"मी येऊ?"

"नको. पोरीपाशी बस."

"लांब जाऊ नका बाबा. गाडी थांबते इथे, पण फार नाही. डबा लक्षात ठेवा."

"लहान आहे का मी," तो म्हणाला, आणि ख्वान हसली.

त्याला उतरायचं होतं ते पायांसाठी नव्हतं. त्याला विचार करायला जागा हवी होती. प्रश्न नीट जुळवायचा होता. आणि दुसरंही एक होतं: गेले कितीतरी दिवस त्याच्यासाठी पाणी ती आणत होती, जेवण ती मागत होती, मुतारी कुठे आहे ते ती विचारून सांगत होती. एकदा तरी आपण काहीतरी आणावं. फलाटावर उतरल्यावर त्यानं इंजिनाकडे बघून डबे मोजले आणि खूणगाठ बांधली, इंजिनापासून चौथा. मग शेडच्या टोकाशी एक बाई पातेलं घेऊन बसली होती तिकडे गेला. पातेल्यात अंडी होती. त्यानं बोटं दाखवली. बाईनं काहीतरी विचारलं. त्यानं हसून मान हलवली. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं, जरा मोठ्यानं, माणसाला ऐकू येत नसावं तसं. त्यानं पुन्हा मान हलवली. तिनं पिशवीत अंडी घातली, वर कसला पाला, आल्याचे तुकडे, मिठाची पुडी, असं काय काय घालत गेली आणि प्रत्येक वेळी विचारत गेली, आणि तो प्रत्येक वेळी हो हो करत गेला... आणि त्या तिसऱ्या-चौथ्या होकाराला, हसून हसून गाल दुखायला लागले तेव्हा, त्याला वाटलं हा चेहरा आपल्या ओळखीचा आहे. हे असं हसणं. काही न कळता, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून, बुआफान भराभर सांगतेय, लसूण एवढा, तिखट एवढं, माशाचं पाणी शेवटी, आणि पोर नुसती मान हलवतेय, हसतेय. आणि मग आमटी बिघडायची. आणि बुआफान म्हणायची, हो हो म्हणाली ना मघाशी!

शिट्टी झाली. तो वळला.

इंजिन नव्हतं. गाडीच्या तोंडाशी, जिथे ते होतं, तिथे काही नव्हतं — नुसते रूळ, आणि रुळांच्या शेवटी भिंत. दुसऱ्या टोकाला, जिकडून ते आले होते तिकडे, लाल-निळं इंजिन धूर सोडत उभं होतं. तो धावला. त्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. इंजिनापासून चौथा, इंजिनापासून चौथा, असं मनात म्हणत तो नव्या टोकाकडून मोजत गेला आणि चौथ्या डब्यात चढला. दार लागलं. आत ती जागा होती, ते टेबल होतं, तिथे चार सैनिक पत्ते खेळत बसले होते.

गाडी हलली. उलटी. आलो तिकडेच.

ही दुसरीच गाडी, माझी पुढे गेली. त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्या दोघी पुढे गेल्या तामकीला, आणि मी मागे चाललोय, परत त्या घाटात, त्या ह्वेला... एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. तिकीट थोआच्या पिशवीत. फोन टेबलावर राहिलेला. हातात अंडी. गणवेशातला एक माणूस आला आणि त्याला काहीतरी म्हणाला. चामनाननं त्याच्याकडे बघितलं. सगळ्या प्रवासात शिकलेला एक शब्द त्याला येत होता, 'आभारी आहे', तो त्यानं म्हटला. माणूस गोंधळला. सैनिकांपैकी एकजण हसला, वाईट मनानं नव्हे. माणसानं पुन्हा विचारलं. चामनाननं तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून स्वतःच्याच भाषेत आलं, "माझी सून. माझी सून पुढे आहे." आणि हे कुणालाही कळणार नाही हे कळत असूनही तो ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला एका रिकाम्या जागेवर बसवलं आणि हातानं खूण केली... थांब.

तो बसला. पिशवी मांडीवर. अंडी गरम होती, मांडीला चटका बसत होता, पण ती बाजूला ठेवावी हे सुचत नव्हतं.

आणि मग त्याला ती दुपार आठवली. थोआ नवी होती तेव्हाची. एकटी बाजारात गेली नि चुकीच्या सवारी गाडीत बसली. संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. वीरोत शोधून शोधून परत आला, आणि दिवे लागायच्या वेळी ती आपली चालत चालत दारात आली, पायात चपला, हातात कलमीच्या भाजीची जुडी, पार मऊ पडलेली. घरात सगळे हसले. सुटका झाली म्हणूनच हसले, पण हसले. वीरोत पुढे दर सणाला ती गोष्ट पाहुण्यांना सांगायचा: माझी बायको भाजी आणायला गेली ती जिल्हा बघून आली. तीही हसायची. तेव्हा चामनान भट्टीबाहेरच्या बाकावर बसून वाडग्यांवर कोंबडे रंगवत होता. उभा जन्म त्यानं तेच केलं, लाम्पांगचे पांढरे वाडगे आणि त्यांच्यावरचा काळ्या शेपटीचा कोंबडा. त्यानं मान वर करून बघितलं होतं. त्या जुडीभोवतीची तिची बोटं त्याला दिसली होती. इतकी घट्ट, की बुआफाननं जुडी घ्यायला हात पुढे केला तरी ती सुटेनात. त्यानं ते बघितलं आणि पुन्हा कुंचला रंगात बुडवला...

"बाबा!"

डब्याच्या टोकाला थोआ उभी होती. एका हातात ख्वान, दुसऱ्या हातात त्याचा फोन, केस सुटलेले. ती जागांच्या मधून येत असताना गाडी वळणावर कलली आणि ती एका सैनिकाच्या खांद्याला धरून सावरली, त्याला काहीतरी म्हणाली, आणि येऊन चामनानच्या समोर खालीच बसली, टाचांवर.

"सगळे डबे बघितले मी. शेवटून सुरुवात केली, चुकलंच माझं."

"गाडी उलटी चाललीय," तो म्हणाला.

"नाही बाबा. दानांगला इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावतात. रूळ तिथे संपतात ना. गाडी पुढेच चाललीय, तामकीकडेच." ती थांबली. "सांगायला हवं होतं मी. आम्हाला सवय असते, लक्षातच येत नाही."

"मला वाटलं, तुम्ही दोघी पुढे गेलात."

थोआनं त्याच्याकडे बघितलं.

"तुम्हाला टाकून?" ती म्हणाली.

हा प्रश्न होता की नुसतं बोलणं, ते त्याला कळलं नाही. कदाचित तिच्या आवाजाच्या शेवटी तो जुना उचललेला सूर होता, बरोबर बोलले ना मी? कदाचित नव्हता. ख्वाननं मधेच पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आजोबांनी पिल्लाची अंडी आणलीत!" थोआनंही बघितलं, एक अंडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. आत बदकाचं पिल्लू होतं, अर्धं झालेलं. चामनाननं ते कधी तोंडाला लावलं नसतं.

"हे तुम्ही मागितलंत?"

"ती विचारत होती, मी हो म्हणत होतो."

आणि मग थोआ हसली, मघासारखीच, खालून, मोठ्यानं. हसता हसता तिनं डोळे पुसले. "आठ वर्षं झाली मला हे खाऊन," ती म्हणाली.

परत आपल्या जागेवर आल्यावर म्हातारीनं त्याला पाहून दोन्ही हात वर केले, काहीतरी म्हणाली, ख्वाननं सांगितलं, "म्हणते, मुका नाही, हरवणारा आहे." तो हसला. या वेळी कळून हसला. आता त्याची पाठ गाडीच्या तोंडाकडे झाली होती. थोआ म्हणाली, "बाबा, इकडे बसा, तुम्हाला उलटं बसलं की मळमळतं." तो म्हणाला, "राहू दे. तू बस तिथेच." शेतं आता त्याच्यापासून मागे मागे जात नव्हती, त्याच्या पाठीमागून येऊन डोळ्यांसमोर पसरत होती आणि सावकाश लहान होत होती. भात पोटरीला आलेलं. मध्येच एखादी पांढरी कबर.

थोआ अंड्याचं वरचं कवच काढून, मीठ घालून, चमच्यानं मन लावून खात होती. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्यानं जे विचारलं ते त्यानं जुळवून ठेवलेलं नव्हतं.

"तू बाजारात हरवली होतीस त्या दिवशी. घरी कशी आलीस?"

तिचा चमचा थांबला.

"तुम्हाला आठवतं?"

"कशी आलीस?"

"रस्त्याचं नाव येत नव्हतं मला," थोआ म्हणाली. "तुमचं आडनावही नीट म्हणता येत नव्हतं. मग मी... तुम्ही वाडग्यावर काढता ना, तो कोंबडा काढला. एका दुकानातून पेन घेतलं आणि हातावर काढला. लोकांना दाखवत गेले. मला वाटलं, कोंबडा दाखवला की माणसं घर दाखवतील."

"लाम्पांगात?" तो म्हणाला.

"हो."

लाम्पांगात जिकडे बघावं तिकडे कोंबडा. पुलावर कोंबडा, चौकात कोंबडा, रस्त्यांच्या पाट्यांवर कोंबडा, प्रत्येक गल्लीत एक भट्टी.

"जो तो वेगळीकडे बोट दाखवायचा," ती म्हणाली. "एकानं पुलावर नेऊन सोडलं. एक आजी मला देवळात घेऊन गेली, पाणी दिलं. किती कोंबडे बघितले मी त्या दिवशी. पण सगळ्यांची शेपटी वेगळी. तुमच्या कोंबड्याला शेपटीत एक पीस खाली वळलेलं असतं. शेवटी एका खानावळीत तसा वाडगा दिसला. खानावळवालीला विचारलं, हा कुणाचा? तिनं रस्ता दाखवला."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"तेव्हा शब्द नव्हते. आणि नंतर..." थोआनं खांदे उडवले. "नंतर ती हसायची गोष्ट झाली होती. वीरोत छान सांगायचा. मलाही आवडायची त्याच्या तोंडून."

ख्वान म्हणाली, "हातावरचा कोंबडा कुठे गेला?" थोआ म्हणाली, "धुतला. घराच्या कोपऱ्यावर नळ होता ना, तिथे. लोक हसतील म्हणून."

फोन वाजला. बुआफान. चामनाननं तोंड खिडकीकडे वळवलं.

"विचारलंत का?"

"अजून नाही."

"मग कधी विचारणार? परत आल्यावर?"

"गाडीत माणसं आहेत."

"त्यांना कुठे तुमचं बोलणं कळतंय!"

तो म्हणाला, "बुआफान, ती बाजारात हरवली होती ना, तेव्हा तिनं हातावर माझा कोंबडा काढला होता."

"कसला कोंबडा?"

"आल्यावर सांगतो."

"तुम्ही बरे आहात ना? ऊन लागलं का?"

"बरा आहे," तो म्हणाला. "गणवेश कपाटात राहू दे. काढू नकोस, उसवूही नकोस. राहू दे नुसता." आणि ती पुढचं काही म्हणायच्या आत, आपण असं का म्हणालो हे त्याचं त्यालाही कळायच्या आत, त्यानं फोन ठेवला.

थोआ नातीची वेणी घालत होती. तिनं ऐकलं असणार. समोरच तर बसली होती, आणि आता तिला त्यांच्या भाषेतलं सगळं कळतं, पुटपुटलेलंसुद्धा. तिची बोटं क्षणभर थांबली नि पुन्हा चालू लागली. "बाबा," ती वेणीकडे बघत म्हणाली, "आमच्या घरी गेल्यावर... आपल्याला बोलायचंय. तुमच्याशी नि माझ्या आईशी, दोघांशी एकत्र. माझं अजून काही ठरलेलं नाही. ठरवता येत नाही मला."

"हं," तो म्हणाला.

बुआफान असती तर इथेच धरलं असतं. काय ठरलेलं नाही? सांग ना. आणि हीच ती वेळ होती, इतक्या गावांतून आणलेला प्रश्न ठेवायची. त्यानं आत बघितलं. प्रश्न होता तिथेच होता. पण आजवर त्यानं गृहीत धरलं होतं की आपण विचारायचं आणि तिनं उत्तर द्यायचं. आता वाटलं, तिनं उलट आपल्यालाच विचारलं तर? 'तुम्ही सांगा बाबा, मी कुठे राहू?' असं? लाम्पांग सोडताना याचं उत्तर त्याच्यापाशी तयार होतं, गणवेशाच्या खिशावरच्या नावाइतकं लाल नि पक्कं.

"तुझ्या आईला मी काय म्हणायचं?" त्यानं विचारलं.

"काय म्हणजे?"

"हाक कशी मारायची? भेटल्यावर पहिलं काय म्हणायचं?"

थोआनं विचार केला. "सुनेच्या आईला, जावयाच्या आईला आमच्यात म्हणतात — ची सुइ."

म्हणजे विहीण. त्यानं ओठ हलवून बघितले. मग घसा साफ करून विचारलं, "पण वीरोत नसताना... तो शब्द चालतो का?"

तिला खरंच माहीत नसावं. तिनं वळून म्हातारीला विचारलं, हळू आवाजात. चामनानला त्यात मुलाचं नाव ऐकू आलं, त्या अनोळखी शब्दांमध्ये एकटंच ओळखीचं. म्हातारीनं टोपलीवरचा हात काढला. त्याच्याकडे बघितलं, मग ख्वानकडे, आणि एका दमात काहीतरी म्हणून मोकळी झाली, भाजीचा भाव सांगावा तशी.

"काय म्हणाल्या?"

"चालतो म्हणाल्या," थोआ म्हणाली. "पोर आहे ना मध्ये, म्हणाल्या."

"ची सुइ," तो म्हणाला.

"तसं नाही आजोबा," ख्वान म्हणाली. "पहिला आवाज खाली टाकायचा. धपकन. ची!"

"ची सुइ."

"आता तुम्ही वर नेलात."

म्हातारीनंही म्हणून दाखवलं. पलीकडच्या रांगेतला माणूस वर्तमानपत्रावरून बघत होता, त्यानंही एकदा, ओशाळं हसत, म्हणून दाखवलं. थोआ हसत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, ओठ किंचित उघडे, शिकवताना मुलाच्या तोंडाकडे आई बघते तशी, शब्द फुटावा म्हणून आपलंच तोंड नकळत हलवत. तामकी जवळ येत असणार, कारण लोक वरून सामान काढू लागले होते. अजून थोडं लांब असतं तर बरं झालं असतं. स्टेशनवर उभ्या असलेल्या त्या बाईला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं ती आपल्या मुलीला परक्या गावात ठेवून इथे राहिली होती, आणि ती कशी राहिली हा विचार, त्या बाईला कुणी 'मुलीला घेऊनच परत ये' म्हणून सांगितलं नसेल का हा विचार, त्याच्या मनाला या गाडीत बसेपर्यंत शिवला नव्हता. आता तो आला आणि शेजारच्या जागेवर बसावा तसा बसला. भीती गेली नव्हती. पण इतका वेळ ती एकट्याची होती. आता त्या भीतीची आणखी एक वाटेकरी पुढच्या फलाटावर उभी होती, आणि तिला हाक मारायचा शब्द त्याच्या जिभेवर होता. अजून चुकत होता, पहिला सूर नीट खाली पडत नव्हता, म्हणून तो तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणत राहिला.